त्रिशूळवाली बाई

माझ्या नवऱ्याचा पंपसेटच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायचा धंदा आहे. तंजावूरच्या आसपासच्या गावांत भातशेतीची मोटार बसली की शेतकरी आधी ह्यांना फोन करतो, मग देवाला. एकदा एका म्हाताऱ्या मोटारीच्या बोल्टखालून ह्यांनी एक वॉशर काढला आणि घरी येऊन माझ्यापुढे टाकला.

"घे. इंग्रजांचं राज्य."

तांब्याचा, मधोमध भोक असलेला पैसा होता तो. आमच्याकडे तमिळमध्ये त्याला ओट्टै कालणा म्हणतात. ओट्टै म्हणजे भोक, कालणा म्हणजे पाव आणा. नाण्यावर एक मुकुट होता, आणि मुकुटाखाली जिथं राजाचं डोकं असायला हवं तिथं बरोब्बर भोक. मला इतकं हसू आलं की चहा सांडला. मग प्रश्न पडला, की एवढं मोठं साम्राज्य, त्यांनी स्वतःच्या नाण्याला भोक का पाडलं असेल? शोधलं तेव्हा कळलं, महायुद्धात तांबं कमी पडलं म्हणून. जगाच्या पाठीवर सूर्य मावळू न देणारे लोक शेवटी पैशाच्या पोटातलं तांबं कुरतडून काढत होते.

तोवर इतिहास आणि मी यांचं अजिबात जमत नव्हतं. शाळेत तो विषय मी जेमतेम पास झाले. घरी तर त्याहून वाईट अवस्था. तंजावुरातल्या मराठी घरात जन्माला येणं म्हणजे कुणाच्या तरी घोड्यावर जन्माला येणं. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत प्रत्येक घराचा मूळपुरुष राजाबरोबर घोड्यावरून आलेला आहे. पायी आलेला एकही नाही. भांडी घासणारा, सामान वाहणारा, स्वयंपाक करणारा कुणीच नाही. इतक्या घोड्यांना चारा कोण घालत होतं, असं मी लहानपणी विचारलं तर आईनं पाठीत धपाटा घातला होता. माझे वडील सांगायचे की आमचा पूर्वज राजाच्या हत्तींवर देखरेख करायचा. आई म्हणायची, "हत्तींवर कसली, हत्तींच्या मागं."

मी रक्त-लघवी तपासायच्या खासगी लॅबमध्ये काम करते. तीस वर्षं झाली. सूक्ष्मदर्शकातून बघायची सवय लागली की माणूस मोठ्या गोष्टींवर फारसा विश्वास ठेवत नाही. तो भोकाचा पैसा मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेला आणि रिकाम्या वेळात भिंगाखाली धरला. त्या दिवसापासून मला नाद लागला.

नाद महागाचा नव्हता. राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक म्हातारा ताडपत्री पसरून बसतो. जुन्या किल्ल्या, कान तुटलेल्या कढया, समया, बिनकाट्यांची घड्याळं, आणि प्लास्टिकच्या टबात नाणी. चांगली नाणी तो डब्यात ठेवतो आणि परदेशी पाहुण्यांना दाखवतो. त्यांत हनुमान छापलेलं, कंपनीच्या काळातलं म्हणून विकायचं एक नाणंही असतं. ते बहुधा मागच्याच महिन्यात ओतलेलं असावं. टबातली नाणी कुणालाच नको असतात, इतकी झिजलेली. मला तीच हवी होती. दर रविवारी मी त्या टबात हात घालायची.

"अम्मा, सुपातल्या तांदळात खडे शोधल्यासारखं बघू नका," म्हातारा तमिळमध्ये वैतागायचा. "मूठभर घ्या आणि जा."

मूठभर घ्यायची आणि जायची. घरी डायनिंग टेबलावर ओतायची. ह्यांना ते मुळीच आवडायचं नाही, कारण त्याच टेबलावर इडल्या यायच्या. पण हळूहळू तेही नाणी बघायला लागले. आम्ही इंग्रजांच्या राजघराण्याला आमची नावं ठेवली. पहिली, वेणीवाली पोरगी. तीच पुढं मुकुट घालून जाड होत गेली ती अम्मा. तिचा मुलगा, दाढी आहे पण डोक्यावर एक केस नाही, तो टकलू. इकडच्या नाण्यांवर बिचाऱ्याला मुकुटही दिला नव्हता. टकलूच्या मुलाच्या झग्यावर एक हत्ती कोरलेला असतो. पहिल्या वर्षी तो हत्ती इतका वाईट जमला की लोकांना डुक्कर वाटला, आरडाओरडा झाला आणि रुपये परत घ्यावे लागले. हे मला कुठल्याच बाईंनी वर्गात सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी इतिहासात पहिली आले असते.

शेवटच्या राजाच्या रुपयात चांदी निम्मी झाली आणि मग ती गायबच झाली, नुसतं निकेल उरलं. हे राज्य जाणार हे पेपरात यायच्या आधी बाजारातल्या बायकांना रुपयाच्या आवाजावरून कळलं असणार, असं मला वाटायला लागलं. आपल्याला इतिहास कळतो, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

एका रविवारी टबाच्या तळाशी एक मोठं, तपकिरी, जड नाणं लागलं. आपल्या पैशांपेक्षा चांगलंच मोठं. इकडचं नव्हेच. म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "सिलोनहून आलेल्या कुणाचं तरी असेल. घेऊन टाका." घरी आणून मी ते साध्या पाण्यात भिजवलं. चिंच लावली नाही. चिंचेनं नाण्याचं तोंड जातं, एवढं मी शिकले होते. सोमवारी लॅबमधले नमुने संपल्यावर भिंगाखाली धरलं.

एका बाजूला अंबाडा घातलेली राणी. मी उलटलं. एक बाई बसलेली. डोक्यावर शिरस्त्राण, एका हातात त्रिशूळ, दुसरा हात ढालीवर. पायाशी लाटा. डावीकडे एक उंच मनोरा, दीपगृह असावं. उजवीकडे एक छोटंसं जहाज. कडेनं इंग्रजी अक्षरं: वन पेनी.

मी भिंगावरून डोकं वर घेतलं आणि पुन्हा खाली घातलं. ह्या बाईला मी ओळखत होते. तीस वर्षं दर शुक्रवारी मी तिला हळदीकुंकू वाहत आले होते.

इथं माझ्या नवऱ्याच्या आत्यांबद्दल सांगायला हवं. आत्यांचं वय चौऱ्याऐंशी. लग्न केलं नाही. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून त्यांनी अख्ख्या गावाची बोलणी ऐकली आणि त्यातलं एक अक्षर बाहेर काढलं नाही. कोण कुणाच्या बायकोला फोन करायचं हे त्यांना अजून आठवतं. आपण नाव विचारलं की त्या म्हणतात, "लाइन बिझी आहे." मेडिकल कॉलेजच्या बाजूला नव्या वस्तीत दोन खोल्यांच्या घरात राहतात. फ्रिजशेजारच्या कपाटात देवघर आहे, आणि देवघराच्या मधोमध घराण्याची देवी.

मराठी घरात देवदेवतांच्या छोट्या धातूच्या प्रतिमा असतात, त्यांना टाक म्हणतात. आमचा टाक गोल आहे, पितळेच्या चौकटीत बसवलेला. घराण्याची गोष्ट अशी, की मूळपुरुष राजाबरोबर तंजावूरला आला तेव्हा त्यानं तुळजापूरच्या आईचा हा टाक छातीशी बांधून आणला. अर्थात घोड्यावरून. बसलेली देवी, हाती त्रिशूळ, बाजूला देवळातली दीपमाळ. पिढ्यान्‌पिढ्या चिंचेनं घासून ती इतकी गुळगुळीत झालीय की नाक-डोळे शिल्लक नाहीत, त्यात हळदीकुंकवाचा थर.

मी संध्याकाळी ह्यांना सांगितलं. त्यांनी पेनी हातात घेतली, बघितली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे तू कुणाजवळ बोलायचं नाहीस."

"पण आहे ना तीच?"

"आहे. म्हणूनच."

गप्प बसले असते मी, पण त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या चुलतदिरानं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं, की पुण्याहून एक इतिहासाचे अभ्यासक तंजावूरच्या मराठी घरांतले देव बघत फिरताहेत आणि शुक्रवारी आपला टाक बघायला येणार आहेत. त्यांनी फोटो पाहूनच सांगितलंय, की टाक किमान तीनशे वर्षांचा आहे. खाली सतरा जणांनी हात जोडले होते. त्यांतल्या निम्म्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून दिरानं सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं.

गुरुवारी मी आत्यांकडे गेले. देवघर पुसते म्हणाले. त्या सोफ्यावर पेपर वाचत होत्या. मी पदराआड भिंग लपवून टाक जवळ घेतला. दीपमाळ होती तशीच होती. उजवीकडे जहाज नव्हतं, पण ज्याला आम्ही सिंहाची आयाळ म्हणत होतो ती, नीट पाहिलं तर, शिडाची रेघ होती.

"कसाला येवढं बघतीस?" आत्या पेपराआडून म्हणाल्या. "कॉलरा झालाय की काय तिला?"

मी दचकले. "घाण बसलीये, आत्या."

"हुंदे," त्या म्हणाल्या. आमच्या मराठीत हुंदे म्हणजे असू दे. पण पेपराचं पान मात्र त्यांनी बराच वेळ उलटलं नाही.

शुक्रवारी पाहुणे आले. साठीचे, खादीचा झब्बा, तिपाई, कॅमेरा, दिवे. माणूस सभ्य होता, फक्त प्रत्येक वाक्याला भारावून जात होता. आत्यांनी "बसा, पाणी घेतां?" विचारलं, तर ते दिराला म्हणाले, "ऐकलंत? ऐकलंत? जणू बखर बोलतेय!"

"बकरं?" आत्यांनी मला विचारलं.

"जुनं पुस्तक, आत्या."

"मी जुनं पुस्तक?" म्हणत त्या कॉफी करायला आत गेल्या.

पाहुण्यांनी टाक पाटावर ठेवून दिवे लावले आणि कॅमेऱ्यासमोर बोलायला सुरुवात केली. आसन कसं वीरासन आहे. ढाल कशी अस्सल मराठी आहे. ही दीपमाळ तर थेट तुळजापूरची, तिच्यावरूनच काळ सांगता येतो. मी आणि माझा नवरा सोफ्याच्या दोन टोकांना बसून समोरच्या पंख्याकडे बघत होतो. मग ते म्हणाले, "मागच्या बाजूला लेख असण्याची दाट शक्यता आहे. कारागिराचं नाव. चौकट जराशी सैल करू या का?"

"नको," मी आणि ह्यांनी एकदम म्हटलं.

"हळूच," म्हणत त्यांनी झब्ब्याच्या खिशातून छोटा चाकू काढला होताच. दीर मोबाइलवर शूटिंग करत होता. चौकटीतली लाख जुनी, वाळून खडखडीत झालेली. चाकूचं टोक लागलं आणि टाक टुणकन उडाला. फरशीवर पडला, कडेवर उभा राहिला, गडगडत फ्रिजपर्यंत गेला आणि घिरट्या घालून आडवा झाला.

मी जाऊन उचलला. इतकी वर्षं लाखेत झाकलेली बाजू वर होती. एक ओरखडाही नाही. अंबाडा घातलेली राणी, जणू काल टांकसाळीतून आलेली. दुसऱ्या बाजूला, चौकटीच्या कडेखाली वाचलेली अक्षरं: वन पेनी. खाली साल. शेवटचा आकडा गेलेला, पण अठराशे नव्वदच्या दशकातलं.

पाहुण्यांनी ते हातात घेतलं. त्यांच्या कपाळावरचा घाम दिव्यात चमकत होता. मला खरं तर त्यांची दया आली. मग ते ताठ झाले.

"हा बदललेला आहे," ते म्हणाले. "मूळ टाक कुणीतरी काढून घेतलाय आणि त्याजागी हे ठेवलंय. असं मी इतर ठिकाणीही पाहिलंय. ह्या धंद्यात माहितगार माणसं असतात."

दीर हळूहळू माझ्याकडे वळला. मोबाइल अजून चालूच होता.

"वन्नी," तो म्हणाला, "तुमच्याकडं असली नाणी असतात ना? रविवारी तुम्ही त्या भंगारवाल्याकडं जाता. काल इथं देवघर पुसायला पण तुम्हीच आलां होतां."

एखाद्या नमुन्यावर आपलंच नाव लिहिलेलं दिसावं तसं मला झालं. मी नवऱ्याकडे बघितलं. माझा नवरा चांगला माणूस आहे, पण त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर एक शंका येऊन गेली. अर्धा सेकंद असेल, पण मी भिंगातून बघणारी बाई आहे, मला दिसली. पर्समध्ये माझी पेनी होती, ती काढून दाखवावी की न दाखवावी तेच मला कळेना. दाखवली तर चोर ठरते आणि न दाखवली तरी ठरतेच.

"तिनं नाही घेतलं," दारातून आत्या म्हणाल्या. हातात कॉफीचा ट्रे होता. "तो पहिल्यापसून तसाच आहे. घ्या, कॉफी थंड होते."

त्यांनी शांतपणे सगळ्यांना कॉफी दिली. मग दिराला म्हणाल्या, "ते फोन बंद कर. मी तीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकलं, माझं कुणी चोरून ऐकलेलं मला चालत नाही." त्यानं बंद केला. पाहुण्यांनीही आपला कॅमेरा बंद केला. मग त्या खुर्चीत बसल्या आणि सांगितलं ते मी इथं पुस्तकी मराठीत देते. आमची मराठी कागदावर नीट बसत नाही, आणि मी देवनागरी शिकले तीसुद्धा शाळेतल्या हिंदीच्या परीक्षांसाठी.

आत्यांच्या आजोबांना एक थोरली बहीण होती. नवव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी नवरा गेला. मग बापाच्या घरी, केस काढलेली, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत. विशीत असताना एका सकाळी ती कालव्यावर धुणं घेऊन गेली ती परत आली नाही. धुणं मात्र दगडावर पिळून ठेवलेलं सापडलं. घरानं शोधाशोध केली नाही, कारण शोधलं तर लोकांना कळलं असतं. चौकशी झाली की सांगायचं, ती तुळजापूरला आईच्या सेवेत राहिलीये. लोकांनी ऐकून घेतलं. एका विधवेची कमतरता कुणाला भासणार होती?

"कुठं गेली होती?" मी विचारलं.

"नेट्टालला."

पाहुणे चटकन पुढं झुकले. "नाताळला? म्हणजे मिशनऱ्यांचा काही संबंध..."

"सण नव्हे हो," आत्या म्हणाल्या. "देश. समुद्रापलीकडं, आफ्रिकेत. उसाच्या मळ्यात करार करून न्यायचे ना, तिथं. बाजारात एक बाई भेटली, म्हणाली खायला मिळेल, कुणी काही विचारणार नाही. हिला दुसरं वाक्य आवडलं."

तिनं दहा वर्षं ऊस कापला. दहा वर्षं झाली की परतीचं तिकीट फुकट मिळायचं. ती मद्रासला उतरली, तंजावूरला आली आणि भर दुपारी बापाच्या दारात उभी राहिली. केस वाढलेले, अंगावर हिरवं लुगडं, रापून काळी झालेली. बापानं दार लावायला घेतलं. पण आवाजानं गल्ली जमली होती. शेजारणी विचारायला लागल्या, "तुळजापूरहून आली वाटतं?" बाप दाराच्या फळीला हात लावून तसाच उभा. आता हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी.

"ती मला म्हणाली होती," आत्या म्हणाल्या, "की तेवढ्यात तिला समजलं, आपण दहा वर्षं कुठं होतों ते. तिनं कमरेची गाठ सोडली, पेनी काढली, आईच्या हातावर ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, आईनं पाठवलीय. तिच्या आईनं बघितलं. त्रिशूळ, ढाल. तिनं ते डोळ्याला लावलं. मग शेजारणींनी लावलं. मग बापाला पण लावावं लागलं. झालं. आली घरात."

दुसऱ्याच दिवशी तिनं स्वतः कासाराकडून चौकट करून घेतली आणि राणी लाखेत पुरली. पुढची पन्नास वर्षं पूजा तिनंच केली. केस पुन्हा काढायची कुणाची छाती झाली नाही. देवीनं पाठवलेल्या बाईला कोण हात लावणार? आत्या पंधरा वर्षांच्या असताना, म्हातारीला दिसेनासं झालं तेव्हा, तिनं पूजा आत्यांकडे दिली आणि त्याचबरोबर ही गोष्टही.

"आणि घोडा?" दिरानं विचारलं.

"घोडा माझ्या बापानं घातला. म्हातारी गेल्यावर. दोन-तीन पाहुण्यांसमोर सांगितलं, त्यांना आवडलं. मग बाई गळली आणि घोडा राहिला. मी कसाला खोडू? मला कुणी विचारलंच नाही."

"पण तेच एक नाणं का ठेवलं असेल तिनं?" मी विचारलं. "दहा वर्षांत किती आली असतील हातात."

आत्या म्हणाल्या, "मी पण विचारलं होतं. ती म्हणाली, दिवसभर उसात वाकून उभं राहायचं. सगळ्या बायका वाकलेल्या. आठवड्याला पैसे हातात पडले की ही एकच बाई दिसायची, जी बसलीय. आणि हातात शस्त्र आहे. बघून बरं वाटायचं."

कॉफीवर साय धरली होती. पाहुण्यांनी दिव्यांच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. जाताना ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "मी तुमच्याबद्दल जे सुचवलं, त्याची माफी मागतो." मग देवघराकडे बघून काय करावं ते त्यांना सुचेना. नमस्कार करावा की नाही. शेवटी केला, अर्धा, चप्पल घालताना करतात तसा. पुढं निघालेल्या त्यांच्या पुस्तकात आमचं घर आलं नाही. शेजारच्या गल्लीतल्या घराचा घोडा आलाय, सविस्तर.

दिराला टाक उचलून टाकायचा होता, निदान म्युझियमला द्यायचा. आत्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "तुझ्याजवळ चिकटवायला काय आहे?" त्यांनी मोपेडला अडकवलेल्या पिशवीतून मोटारीच्या वाइंडिंगला लावतात ते वार्निश आणलं. आत्यांनी अट घातली, बाई बाहेर, राणी भिंतीकडं. आता ती चौकट सुटणं शक्य नाही. चारशे चाळीस व्होल्ट सहन करणारं वार्निश आहे ते. घरी येताना मोपेडवर मागे बसून मी ह्यांना म्हटलं, "तुम्हालाही वाटलं होतं, मी घेतलं म्हणून." त्यांनी सिग्नलला मोपेड थांबवली. मग म्हणाले, "अर्धा सेकंद." खरं बोलले म्हणून मी पुढं ताणलं नाही. दोन दिवस मात्र इडल्या कडक केल्या.

मी त्या बाईला शोधायचा प्रयत्न केला. मळ्यांवर नेलेल्या माणसांच्या याद्या होत्या, नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरच्या खुणा, असं वाचलं. पण यादीत शोधायला नाव लागतं. आत्यांना विचारलं. त्यांना आठवेना. घरात तिला सगळे अक्का म्हणायचे. आणि जहाजावर चढताना तिनं खरं नाव सांगितलं असेल, असं मला तरी वाटत नाही. मी सांगितलं नसतं.

ग्रुपवर दिरानं काहीच लिहिलं नाही. हात जोडणाऱ्या सतरा जणांना अजून घोडाच माहीत आहे. पण शुक्रवारी पूजा झाल्यावर आत्या आता मला म्हातारीबद्दल एकेक सांगतात, न विचारता. तिला गोड अजिबात चालायचं नाही, साखरेचा वास आला तरी उठून जायची. बसायची ती कायम उंचावर, पाटावर कधीच नाही. रागावली की मराठीत नाही, तमिळमध्ये नाही, भलत्याच भाषेत काहीतरी म्हणायची, आणि मध्येच टाळ्याला जीभ लावून टॉक असा आवाज काढायची. घरच्यांना वाटायचं, दात पडलेत म्हणून होतंय. पण नेट्टालकडच्या आफ्रिकी लोकांच्या बोलीत असा टॉक शब्दातच असतो, हे मी वाचलं होतं.

"कसा आवाज? करून दाखवा," मी परवा म्हटलं आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं.

आत्यांनी देवघराकडं बघितलं. "शिवी आहे गं ती. इथं नको."

आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. आत्यांनी दार लोटलं, कवळी नीट बसवली, आणि पहिल्या दोन वेळा नुसती हवा गेली. तिसऱ्या वेळी तो आवाज आला, बाटलीचं बूच उघडावं तसा, खणखणीत, आणि त्याच्या मागोमाग एक लांबलचक शब्द. त्याचा अर्थ आम्हा दोघींनाही माहीत नव्हता. आत्या मात्र इतक्या खूश झाल्या की त्यांनी तो लगेच पुन्हा म्हटला, ह्या वेळी दिराचं नाव घेऊन.